टॉरिएलला मारल्यानंतर

माझ्या भाचीने मला ‘अंडरटेल’ खेळायला बसवलं तेव्हा ती नववीत होती आणि मी पस्तिशी गाठलेली. दिवाळीची सुट्टी, डायनिंग टेबलावर तिच्या बाबांचा जुना लॅपटॉप, शेजारी चिवड्याचा डबा. “मामा, मी काहीही सांगणार नाही. तू तुझा खेळ,” एवढं बोलून ती समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. स्क्रीन मला दिसत होती आणि तिला माझा चेहरा. हे तिने मुद्दाम केलं होतं, ते मला नंतर कळलं.

गेम ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक लहान मूल डोंगरातल्या भगदाडातून खाली राक्षसांच्या राज्यात पडतं. तिथे त्याला टॉरिएल भेटते, लांब झग्यातली, बकरीच्या तोंडाची, आईसारखी. जमिनीतून काटे वर येणाऱ्या वाटेवरून ती त्याला हात धरून नेते. दर पाच मिनिटांनी फोन करून तुला दालचिनी आवडते की बटरस्कॉच, असलं काहीबाही विचारते आणि घरी नेऊन ‘पाय’ (म्हणजे इंग्रजी pie, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) भाजून ठेवते. मग मुलाला बाहेर जायचं असतं आणि ती दारात आडवी उभी राहते. लढाई सुरू.

मी पोकेमॉन खेळून तयार झालेला माणूस. हिशेब सोपा होता: हिला मारायचं नाही, जरा दमवायचं, मग ती आपोआप बाजूला होईल. एक वार, दुसरा वार, तिची ताकद अर्ध्यावर, मग अर्ध्याच्याही खाली. पुढचा वार केला तर आकडा एकदम कितीतरी मोठा आला आणि टॉरिएल संपली. मी वर बघितलं. भाची काही बोलली नाही, उठून आत पाणी प्यायला गेली.

मी केलं ते कुणीही केलं असतं. सेव्ह न करता गेम बंद केला आणि पुन्हा उघडला. या वेळी वीस-पंचवीस वेळा फक्त दयेचं बटण दाबत राहिलो, आणि शेवटी ती वितळली, मिठी मारून निघून गेली. मी खूश. दारापलीकडे गेमच्या अगदी पहिल्या दृश्यातलं ते हसरं पिवळं फूल उभं होतं. ते मला म्हणालं, तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. तू तिला मारलंस, मग वाईट वाटलं म्हणून मागे गेलास.

आतून आवाज आला, “आलं का फूल?”

हा प्रसंग इतक्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे ‘अंडरटेल’बद्दलचा वाद नेहमी चित्रांपासून सुरू होतो. असले ठोकळ्यांचे, नव्वदच्या दशकात शोभतील असे पिक्सेल, काळी पार्श्वभूमी, बहुतेक शत्रू पांढऱ्या रेषांचे, आणि त्यावर लोक जीव टाकतात, रडतात, अंगावर गोंदवून घेतात. यात आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. १५ सप्टेंबर २०१५ ला हा गेम आला तेव्हा तो करणारा टोबी फॉक्स २३ वर्षांचा होता. लेखन, संगीत, प्रोग्रामिंग जवळपास सगळं त्याचं, चित्रांचा मोठा वाटा टेमी चँग हिचा. गेममेकर या हौशी लोकांत चालणाऱ्या साधनावर तो बांधलेला. त्याआधी २०१३ मध्ये त्याने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५,००० डॉलर मागितले होते, तर २,३९८ लोकांनी मिळून ५१,१२४ दिले. एवढ्या खर्चात आजकाल मोठ्या कंपनीच्या गेमचा ट्रेलरही होत नसावा.

आणि गेम येऊन तीन महिने होतात न होतात तोच डिसेंबरमध्ये गेमएफएक्यूज या गेमिंगच्या संकेतस्थळावर ‘आजवरचा सर्वोत्तम गेम’ ठरवायला वाचकांचं मतदान झालं. अंतिम फेरीत ‘अंडरटेल’समोर होता १९९८ चा झेल्डा, ‘ऑकारिना ऑफ टाइम’. ‘अंडरटेल’ जिंकला. जुने खेळाडू असे भडकले की विचारू नका. फॅनडम, म्हणजे चाहत्यांचा हा गोतावळा, ही डोकेदुखी आहे, ही समजूत तिथूनच पक्की झाली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गेमवर जीव टाकावा एवढा तो नक्की चांगला आहे. पण तो ज्यासाठी चांगला आहे आणि त्याचे भक्त ज्यासाठी भांडतात, त्या दोन गोष्टी एकमेकींच्या बऱ्यापैकी विरुद्ध आहेत.

पहिला आरोप असतो नॉस्टॅल्जियाचा. म्हणे हे सगळं लहानपणीच्या आठवणींचं भांडवल आहे. टोबी फॉक्सवर जपानी ‘मदर’ मालिकेचा, त्यातही अमेरिकेत १९९५ साली ‘अर्थबाउंड’ नावाने आलेल्या गेमचा दाट प्रभाव आहे हे तोही लपवत नाही. पण हा आरोप आपल्याकडे लावून बघा. ‘अर्थबाउंड’ आपल्याकडे कधी आलाच नाही. आमचं रेट्रो म्हणजे टीव्हीला जोडायचा तो स्वस्तातला व्हिडिओ गेम, त्यात फुंकर मारून घालायची पिवळी कॅसेट, वर छापलेलं ‘९९९९ इन १’ आणि आत तेच तेच मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकांची शिकार. सेव्ह नावाची चीज नव्हती. लाइट गेले की खेळ खल्लास. माणसांशी बोलत, गावोगाव हिंडत चाळीस तास चालणारा जपानी आरपीजी आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी बघितलाच नाही. मग मला आठवण कशाची येत होती? भाचीला तर कशाचीच येण्याचं कारण नव्हतं. ती जन्मली तोवर कॅसेटी भंगारात गेल्या होत्या. २०१५ मध्ये या गेमसाठी वेडी झालेली बहुतेक मुलं अशीच, ‘अर्थबाउंड’नंतर जन्मलेली. त्यांनी ज्या काळावर प्रेम केलं तो त्यांनी जगलेला नव्हता. एवढं एकच उदाहरण घेतलं तरी नॉस्टॅल्जियाचं स्पष्टीकरण लंगडं पडतं.

साधेपणा इथे दुसरंच काम करतो. तमाशात सोंगाड्या रंगमंचावर एक गोल फेरी मारतो आणि म्हणतो, आलो बुवा मथुरेला. कुणी विचारत नाही मथुरा कुठाय. नेपथ्य नाही म्हणून बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं. ‘अंडरटेल’ची लढाई म्हणजे एक पांढरी चौकट आणि तिच्यात एक लाल हृदय. ते हृदय म्हणजे तुम्ही. शत्रू जे काही फेकेल त्यातून ते चुकवत न्यायचं. खाली चार बटणं: लढा, काहीतरी करा, वस्तू वापरा, दया. संपलं. पण त्या चौकटीत जे येतं ते प्रत्येक पात्राचा स्वभाव घेऊन येतं, आणि मला वाटतं खरी कमाल इथे आहे.

सुरुवातीला एक भूत वाटेत आडवं पडलेलं असतं, झोपल्याचं सोंग करून तोंडाने ‘झ झ झ’ म्हणत. त्याच्याशी लढायला लागलात तर त्याचे अश्रू चौकटीत पडतात, तोच त्याचा हल्ला. मध्येच एका फेरीला ते हल्ला करतच नाही, आज मन लागत नाही म्हणतं. त्याला थोडं हसवलंत, तर त्याचे अश्रू उलटे वर जातात आणि डोक्यावर जमून त्यांची टोपी होते. कसं वाटतंय, असं ते लाजत विचारतं. टॉरिएलच्या आगीच्या गोळ्यांकडे नीट बघा. तुमची ताकद अगदी संपत आली की गोळे तुमच्या हृदयाला टाळून बाजूने जायला लागतात. ती तोंडाने काही सांगत नाही. तिचा हात थरथरतोय हे फक्त गोळ्यांच्या वाटेवरून कळतं. आणि शेवटाकडे राजा अ‍ॅस्गोर लढाई सुरू होताच आपला त्रिशूळ उचलतो आणि दयेचं बटण फोडून टाकतो. तुमच्या स्क्रीनवरचं बटण! तुम्ही अख्खा गेम ज्याच्या भरवशावर इथवर आलात ते तुकडे होऊन पडतं. अमुक कोटी डॉलरच्या गेममध्ये राजाच्या दाढीचा केस अन् केस दिसेल, पण हा वार कुठून आणणार?

संगीताचंही तेच. तब्बल १०१ तुकडे आहेत. टॉरिएलच्या लढाईतली चाल अ‍ॅस्गोरच्या लढाईत पुन्हा येते. त्या दोघांचं एके काळी काय नातं होतं हे ज्याने शोधून काढलंय त्याला ती चाल ऐकताना पोटात खड्डा पडतो, बाकीच्याला नुसती छान वाटते.

आता उणं. ते भक्तांना ऐकवत नाही, पण आहे. मधला हॉटलँडचा भाग रेंगाळतो. अल्फिस नावाची घाबरट शास्त्रज्ञ दर चार पावलांवर फोन करते, वर तिचे स्टेटस अपडेट येत राहतात. पहिल्या दहाला हसू येतं, नंतर फोन फेकावासा वाटतो. कोडी म्हणाल तर जवळजवळ नाहीतच, बऱ्याचदा गेमच तुमच्यासाठी सोडवून टाकतो आणि त्यावर विनोद करतो. विनोदांतला निम्मा भाग इंटरनेटवर वाढलेल्या पोरांचा. सॅन्स आणि पॅपिरस हे दोन सांगाडे भाऊ कॉमिक सॅन्स आणि पपायरस या फाँटांवरून आलेले, बोलतातही त्याच फाँटांत, एकाचं सगळं लहान लिपीत, दुसऱ्याचं सगळं मोठ्या लिपीत. (मी एकदा भाचीच्या हट्टापायी या दोघांचं एक पान मराठीत करायला बसलो होतो. देवनागरीला लहान-मोठी अक्षरंच नसतात. सॅन्सचा आळस आणि पॅपिरसची आरडाओरड आणायची कुठून? एकाला कोकणातला बोलायला लावावं आणि दुसऱ्याला शाळेतल्या भाषणस्पर्धेतला, इथवर आलो आणि सोडून दिलं.)

सगळ्यात गंभीर आक्षेप नैतिक आहे. या गेममध्ये अनुभवाचे गुण आणि लेव्हल असं जे दिसतं, ते शेवटी सॅन्स तुम्हाला उलगडून सांगतो: ते मारण्याचे गुण होते आणि ती हिंसेची पातळी. म्हणजे खेळाडूला आयुष्यभर जी सवय लावली, तीच गुन्हा म्हणून त्याच्यावर शेकवायची. आक्षेप घेणारे म्हणतात, हा सापळा आहे. हत्यार तुम्हीच हातात दिलंत, दुसरा रस्ता नीट दाखवला नाहीत आणि वर खुनी म्हणता. टॉरिएलच्या बाबतीत यात तथ्य आहे. दयेचं बटण वीसहून जास्त वेळा दाबायचं हे कुणाला सुचणार? मी स्वतः त्यात फसलो, त्यामुळे हा आक्षेप मला वरवरचा वाटत नाही. पण पुढे गेम न्याय करतो. त्या पहिल्या फसवणुकीनंतर तो एकदाही तुम्हाला नकळत खुनी करत नाही. खरा ‘मारत सुटायचा’ रस्ता असा आहे की त्यावर चुकून कुणी जाऊच शकत नाही. प्रत्येक भागात फिरून फिरून, शत्रू यायचे बंद होईपर्यंत मारावं लागतं. शेवटी लढाईची स्क्रीन उघडते आणि लिहिलेलं असतं, कुणीच आलं नाही. संगीत मंदावतं. गावातली दुकानं ओस पडलेली, दुकानदारीण पळून गेलेली, माझ्या घरच्यांना काही करू नका अशी चिठ्ठी ठेवून. गल्ला उघडा, घ्या हवे तेवढे पैसे. हे सगळं कमालीचं कंटाळवाणं आहे आणि तो कंटाळा जाणूनबुजून घातलेला आहे. तरीही पुढे जाणाऱ्याला सॅन्स जे सांगतो त्याचा मथितार्थ असा: तू चांगला-वाईट काही नाहीस, तुला फक्त येतंय म्हणून तू करतोयस, आणि करता येतं म्हणजे करायलाच हवं असं तुला वाटतं.

याच रस्त्यावर ते फूल आणखी एक टोमणा मारतं, तो मला अख्ख्या गेममधला सगळ्यात जहरी वाटतो. ते म्हणतं, आपण निदान स्वतः करतोय, पण नुसते उभे राहून बघणारे असतात ना, करायची हिंमत नाही पण बघायचं तर आहे, ते आपल्याहून वाईट. आत्ताही कुणीतरी बघत असेल. २०१५ मध्ये लाखो मुलं यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना बघत होती. त्यांच्यातल्या कितीजणांनी हे वाक्य दुसऱ्याच्या खांद्यावरून ऐकलं असेल! फॅनडमचा मोठा हिस्सा गेम खेळून नव्हे तर बघून तयार झालेला आहे, आणि गेमला ते आधीच माहीत होतं.

बघणाऱ्यांची ती गर्दी पुढे काय करू लागली ते सगळ्यांनी पाहिलंय. यूट्यूबवर कुणी खेळायला बसला की खाली सूचनांचा पाऊस. याला मारू नकोस, तिकडे जा, त्या पात्राचा आवाज असा काढू नकोस. टॉरिएलला चुकून मारणाऱ्याला तर अक्षरशः शिव्या. दयेवरचा गेम, आणि त्याच्या नावाने नवख्या खेळाडूला धारेवर धरायचं! शिवाय असं करून त्यांनी त्या खेळाडूकडून नेमकी तीच गोष्ट हिरावून घेतली जी माझ्या भाचीने मला दिली, माझी चूक माझी मला करू देण्याची. नववीतल्या मुलीला जे कळलं ते या मंडळींना कळू नये? समोर बसून चिवडा खात गप्प राहणं हे त्या गेमवरचं मी पाहिलेलं सगळ्यात शहाणं प्रेम होतं. टोबी फॉक्सलाही या एकूण गाजावाजाचा आनंदाइतकाच ताण आला होता, असं त्याने नंतर सांगितलं.

पण फॅनडम म्हणजे फक्त आरडाओरडा करणारे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. याच लोकांतल्या काहींनी सुमारे सात वर्षं खपून ‘अंडरटेल यलो’ नावाचा पूर्ण लांबीचा गेम केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट देऊन टाकला. मूळ गेममध्ये जेमतेम उल्लेख असलेल्या एका मुलाची गोष्ट, नवी पात्रं, नवं संगीत. कुणी पगार दिला नव्हता. सॅन्सच्या लढाईचं संगीत ‘मेगालोव्हेनिया’ तर कुठे कुठे वाजलं. २०१९ मध्ये सॅन्सचा पोशाख घेऊन ते निन्टेन्डोच्या ‘स्मॅश ब्रदर्स’ या गेममध्ये शिरलं, जानेवारी २०२२ मध्ये व्हॅटिकनला पोपसमोर सर्कशीतल्या कलाकारांनी त्यावर कसरती केल्या. त्याआधी २०१६ मध्ये एका यूट्यूबरने पोपना हा गेमच भेट दिला होता. यातलं काही हास्यास्पद आहे, मान्य. पण ज्या धुनेने टोबी फॉक्सच्या ‘अर्थबाउंड’मध्ये फेरफार करून केलेल्या पोरवयातल्या खटाटोपातून सुरुवात केली, ती तिथवर पोचली ती जाहिरातीवर नाही.

तेव्हा ‘लायक आहे का’ याचं उत्तर हो, पण ‘सर्वोत्तम’ हा दावा मला नकोसा वाटतो. त्या मतदानाने गेमचं भलं केलं नाही. जो गेम हळूच, अपेक्षा न ठेवता उघडायला हवा, तो लोक ‘बघू तर काय एवढं आहे’ म्हणून हाताच्या घड्या घालून उघडू लागले. पहिल्या तासात त्यांना दिसलं काय, तर बकरी, पाय आणि पांचट विनोद. त्यांनी बंद केला. चूक त्यांची नाही. ज्या नाटकाबद्दल चार जणांनी ‘आयुष्य बदलेल’ म्हणून सांगितलेलं असतं, ते मलाही कधी आवडलेलं नाही.

आणि गेमचं स्वतःचं म्हणणं काय, तेही विचारात घ्यायला हवं. कुणालाही न मारता, सगळ्यांशी मैत्री करत तुम्ही खऱ्या सुखान्तापर्यंत पोचलात, की नंतर पुन्हा गेम उघडल्यावर ते फूल एकटं समोर येतं. या वेळी टोमणा नाही. ते म्हणतं, आता सगळे सुखात आहेत. आता धोका एकाच गोष्टीचा उरलाय, तो तू. तुझ्याकडे सगळं पुसून पुन्हा सुरू करायची ताकद आहे. करू नकोस. त्यांना जगू दे. एखादा गेम आपल्या खेळाडूला इतक्या स्पष्टपणे ‘आता मला सोड’ म्हणतो, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि याच गेमच्या लोकांना दहा वर्षं झाली तरी सोडवत नाही. पात्रं उचलून नव्या विश्वांत, त्या विश्वांतून आणखी नव्या विश्वांत. सॅन्सची इतकी रूपं आहेत की नावं लक्षात ठेवायला वही लागेल. टोबी फॉक्सलाही सोडवलं नाहीच. २०१८ पासून त्याचा पुढचा गेम ‘डेल्टारून’ प्रकरणाप्रकरणाने येतोय, जून २०२५ मध्ये तिसरं-चौथं आलं, आणि त्यात टॉरिएल पुन्हा आहे, पुन्हा पाय भाजते आहे. पण तिथे ती वेगळ्याच जगातली वेगळी बाई आहे, तिला मागचं काही माहीत नाही. मूळ टॉरिएलला त्याने जिथे ठेवली तिथेच राहू दिलीय, हे मला फार आवडतं.

भाची आता नोकरी करते. तिने तो गेम एकदाच पूर्ण केला, सुखान्ताने, आणि नंतर परत उघडला नाही. सेव्ह फाइल तिने लॅपटॉप बदलताना नव्यावर आणली, मग त्याच्या पुढच्यावर. हा लेख लिहायच्या आधी तपशील तपासायचे म्हणून मी माझ्या कॉपीत सगळं पुसून पहिल्यापासून खेळलो. फुलाने विनवलं तरी. माझी ती तिसरी वेळ. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मामा, तू पण ना. यूट्यूबवर बघता आलं असतं की.”

“बघणारे जास्त वाईट असतात,” मी म्हटलं.

“हो, पण तुला कोण म्हणालं होतं लेख लिही म्हणून?”